बागायती पट्ट्यातलं कासव

उन्हाळी आवर्तन संपून पाट कोरडा पडला की पणदऱ्याच्या शिवारात पाण्यावर जगणारे जीव वाट धरतात. बगळे नीरेच्या डोहांकडे वळतात, बेडूक चिखलात शिरतात आणि कासव बांधाच्या कडेची ओल हुंगत जमिनीत उतरतं. इंग्रजांनी १८८०च्या दशकात नीरा डावा कालवा काढला, भाटघरचं पाणी बारामती-इंदापूरच्या माळावर आलं, त्यामागून ऊस आला, कारखाने आले. त्याच पाण्यानं नदीतल्या कासवालाही शिवारभर वाटा खुल्या करून दिल्या. फाटे, चाऱ्या, ओढ्यांवरचे बंधारे, पाझरानं साचलेली डबकी असा त्याचा संसार झाला. माणसानं स्वतःसाठी आणलेल्या पाण्यावर हा जीव पिढ्यान्‌पिढ्या मुकाट्यानं राहत आलाय.

ते आपल्याला दिसतं ते बहुतेक वेळा अवघड क्षणी. खोडवा मोडायला रोटाव्हेटर घातला, पाचट पेटवलं, चारी उपसली किंवा शेततळ्याचा तळ दिसायला लागला, की कासव सापडतं. आमच्या भावकीतल्या एका रानात मेअखेरीला असंच झालं. ट्रॅक्टरवरच्या पोरानं एकदम क्लच दाबला आणि हाक मारली, "दादा, धोंडा न्हाई, कासव हाय!" चारीलगतच्या शेवटच्या सरीत, पाचटाखालच्या गार मातीत ते उन्हाळा काढत बसलं होतं. पात्याची धार पाठीच्या पुढच्या कडेला घासून गेली होती. कडेचा तुकडा उचकटलेला, त्यातून रक्त आणि चिखल एकत्र झिरपत होता. थोडं पुढं पातं लागलं असतं तर मानच गेली असती.

हे भारतीय पाणकासव, शास्त्रीय नाव लिसेमिस पंक्टाटा. गावाकडच्या चाऱ्या-तळ्यांत दिसणारं ते हेच. वीतभराहून थोडी मोठी, शेवाळी-तपकिरी, गुळगुळीत पाठ. पोट पिवळट पांढरं. पाठ हाताला कातडीसारखी लागते, कारण इतर बहुतेक कासवांच्या पाठीवर असतात तशा शिंगी खवल्या हिच्यावर नसतात. हाडाच्या पाट्यांवर थेट कातडीच असते. पोटाच्या मागच्या भागाला दोन्ही बाजूंना मऊ झडपा असतात. धोका वाटला की कासव मागचे पाय आत ओढतं आणि झडपा डब्याच्या झाकणासारख्या त्यांवर बसतात. आमच्या त्या कासवानं त्या घट्ट मिटून घेतल्या होत्या. जनावरांच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं की झडपा मिटणं हे चांगलं लक्षण. अंगात बळ आहे, आणि मागच्या पायांत जीव आहे.

कवच म्हणजे कासवाचं घर, असं आपण लहानपणापासून ऐकतो. प्रत्यक्षात ते त्याच्या सांगाड्याचाच भाग आहे. पाठीचा कणा आणि बरगड्या त्या पाट्यांशी एकजीव झालेल्या असतात, त्यांतून रक्त वाहतं, त्यांना वेदना कळते. म्हणून कवच फुटलेल्या कासवावर उपचार म्हणजे हाड मोडलेल्या आणि जखम उघडी पडलेल्या जनावरावरचा उपचार. हे एकदा ध्यानात आलं की पुढच्या तासाभरात काय करायचं आणि काय करायचं नाही, हे आपोआप ठरत जातं.

उचलायचं ते दोन्ही हातांनी, पाठीच्या मागच्या अर्ध्या भागाला दोन्ही बाजूंनी धरून. शेपटीला किंवा पायाला धरून कधीच नाही. मान लांब असते, ती बाजूला वळून चावा घेऊ शकते, म्हणून हात पुढच्या बाजूला न्यायचा नाही. उलटं करून पोट बघत बसायचं नाही. ओलं गोणपाट अंथरलेल्या पाटीत किंवा हवा जाईल अशा खोक्यात ठेवून वर कापड टाकायचं. पाण्यानं भरलेल्या बादलीत टाकायचं नाही, कारण कासव फुप्फुसानं श्वास घेतं. जखमी आणि दमलेलं कासव खोल पाण्यात डोकं वर काढू शकलं नाही तर बुडून मरतं. जखमेवर हळद, चुना, तंबाखू, राख यांतलं काही भरायचं नाही. फेव्हिक्विक किंवा एम-सीलनं भेग बुजवायची तर मुळीच नाही. वरून बंद झालेल्या जखमेत घाण कोंडते आणि आत पू होतो. तोंडात पाणी ओतायचं नाही, भात-भाकरी-दूध पुढं ठेवायचं नाही. स्वच्छ सलाइननं वरचा चिखल धुवायचा आणि जनावरांच्या डॉक्टरांकडं न्यायचं. आणि त्याआधी एक फोन करायचा.

तो फोन वनखात्याला. महाराष्ट्र वनविभागाची मदतवाहिनी १९२६. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२च्या पहिल्या अनुसूचीत हे पाणकासव आहे, म्हणजे कायद्यानं त्याला वाघाच्या पंक्तीत बसवलंय. ते पकडणं, पाळणं, विकणं हा गुन्हा, आणि शिक्षा तीन ते सात वर्षांची. कलम ३९प्रमाणे वन्यप्राणी ही सरकारी मालमत्ता आहे. तो कोणत्याही कारणानं आपल्या ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याला कळवावंच लागतं. जखमी जीवाला उचलून डॉक्टरांकडं नेणाऱ्यानं घाबरायचं कारण नाही, पण सांगायला उशीरही करायचा नाही. आमच्याकडं वनरक्षक आले, त्यांनी पाहणी केली, नोंद घेतली. जखम आत फुप्फुसापर्यंत गेलेली नव्हती. धक्क्यांच्या रस्त्यानं लांबचा प्रवास करण्यापेक्षा काही दिवस एका जागी शांत राहणं बरं, असं डॉक्टरांचं मत पडलं, आणि त्या दोघांच्या देखरेखीखाली कासव आमच्या पडवीत राहिलं. जखम खोल असती तर थेट पुण्याला पाठवावं लागलं असतं. तिथं वनविभागाबरोबर काम करणारी रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्टसारखी संस्था आहे.

घरी कासव सांभाळायचं म्हटलं की पहिल्यांदा डोळ्यासमोर येतं ते पाणी. पण उघडी जखम असलेल्या पाणकासवाला बहुतेक वेळ कोरडंच ठेवावं लागतं, कारण साचलेल्या पाण्यात जखम भिजत राहिली तर जंतू वाढतात. पसरट प्लॅस्टिकचा टब, तळाला धुतलेलं मऊ सुती कापड, ते रोज बदलायचं; माती-वाळू नाही, ती जखमेत जाते. टबाचा अर्धा भाग झाकून अंधार केला, कारण लपायला जागा नसेल तर त्याची भीती जात नाही आणि भीतीतला जीव लवकर बरा होत नाही. सकाळ-संध्याकाळ थोड्या वेळापुरतं, हनुवटीपर्यंत येईल एवढ्या उथळ पाण्यात सोडायचं. त्या वेळात ते पाणी पितं, मलमूत्र करतं. घाण झालेलं पाणी लगेच फेकायचं. मग अंग टिपून पुन्हा टबात.

खरा त्रास झाला मुंग्या आणि माश्यांचा. उन्हाळ्यात रक्ताचा वास लागला की मुंग्यांची रांग कुठूनही येते, आणि माशी बसली की जखमेत अळ्या पडायला वेळ लागत नाही. घरातल्या थोरल्या बाईंनी त्यावर जुना उपाय केला. टब चौरंगावर ठेवला आणि चौरंगाचा एकेक पाय पाणी भरलेल्या वाटीत. वरून बाळाची मच्छरदाणी. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कुठल्याही गोष्टीइतकंच हे उपयोगी पडलं.

जखम धुणं हे दोन माणसांचं काम. एकानं कासव मागून धरायचं, दुसऱ्यानं सिरिंजमधून सलाइनची बारीक धार कडेच्या भेगेवर सोडायची. आधी गढूळ पाणी येतं, मग गुलाबी, मग स्वच्छ. चिखलाचा एखादा कण अडकलेला दिसला तरी नखानं काढायचा नाही. धार पुन्हा सोडायची. मग निर्जंतुक गॉजनं टिपून डॉक्टरांनी दिलेलं सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं मलम पातळ लावायचं. सुरुवातीला धार लागताच कासव मान आत घेई, अंग आकसून घेई. पुढं पुढं ते मान बाहेर ठेवून नाकाची बारीक सोंड इकडंतिकडं हलवायला लागलं. मऊ पाठीच्या सगळ्या कासवांना अशी छोटी नळीसारखी नाकाडी असते. पाण्याखाली अंग ठेवून तेवढीच वर काढून ते श्वास घेतं. तिच्या टोकाला ओलसर बुडबुडे येत नाहीत ना, तोंड उघडून श्वास घेत नाही ना, हे रोज बघायचं. ते दिसलं तर छातीत सर्दी उतरली, असं समजून लगेच डॉक्टर.

इंजेक्शन डॉक्टर स्वतः देत, तेही पुढच्या पायात. कासवाच्या शरीरात मागच्या भागातलं रक्त आधी मूत्रपिंडांकडं जाऊ शकतं, त्यामुळे मागच्या पायात दिलेलं औषध अंगात पुरेसं पसरण्याआधीच बाहेर पडण्याचा किंवा मूत्रपिंडांना इजा करण्याचा धोका मानतात. मात्रा वजनावर ठरते. म्हणून किराणा दुकानातला काटा आणून वजन घेतलं, वहीत लिहिलं. दोन इंजेक्शनांत तीन दिवसांचं अंतर. म्हशीला रोज द्यावं लागणारं औषध कासवाला इतक्या अंतरानं पुरतं, कारण त्याच्या शरीराची गती बाहेरच्या उष्णतेवर चालते. त्याच्या अंगात स्वतःची ऊब नसते. गारठ्यात औषधही मंद, पचनही मंद, जखम भरणंही मंद. उन्हाळ्यात झालेली ही इजा थंडीत झाली असती तर सांभाळणं फार अवघड गेलं असतं. कवचाचं हाड भरून यायला महिनोन् महिने जातात. आपण घरी करू शकतो ते एवढंच की जखम स्वच्छ ठेवायची, कोरडी खपली धरेपर्यंत जंतूंना आत येऊ द्यायचं नाही; उरलेलं काम त्याचं शरीर त्याच्या वेळेनं करतं.

खाण्याच्या बाबतीत माणसाचा जीव फार वरखाली होतो. सुरुवातीला त्यानं कशाला तोंड लावलं नाही. जमिनीत उन्हाळा काढायला बसलेलं कासव तसंही दीर्घकाळ न खाता राहू शकतं, त्यामुळे आधी पाणी आणि मग अन्न, हा क्रम. नंतर चारीतल्या गोगलगायी, गांडुळं, बारीक मासे आणि पाणवनस्पती दिल्या. ही कासवं मिश्राहारी. मासे, बेडूक, शिंपले, किडे, पाण्यात पडलेली फुलं-फळं, मेलेलं जनावर, सगळं खातात. पाणी साफ ठेवण्याचं मोठं काम त्यांच्या त्या खाण्यातून होतं. पण अन्न टबातल्या कोरड्या कापडावर ठेवून उपयोग नाही. पाणकासव पाण्यातच घास गिळतं. एका संध्याकाळी उथळ पाण्यात सोडलेल्या गांडुळाकडं त्यानं मान ताणली, क्षणभर थांबलं आणि झटकन ओढून घेतलं. त्या रात्री घरात सगळ्यांना नीट झोप लागली.

इथून पुढचं काम मनाला जड जाणारं होतं, आणि मला वाटतं तेच या सगळ्या सेवेचं मर्म आहे. कासव माणसाळायला लागलं होतं. पावलांचा आवाज आला की मान वर यायची. पोरांनी त्याला नाव ठेवलं, हातानं भरवायचा हट्ट धरला, फोटो काढायला शेजारीपाजारी जमायला लागले. हे सगळं थांबवावं लागलं. मच्छरदाणीवर चादर आली, खाणं पाण्यात सोडून माणसानं बाजूला व्हायचं ठरलं, हाताळणं फक्त जखम धुण्यापुरतं आणि प्रत्येक वेळी साबणानं हात धुणं. कासवाच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात, लहान मुलांना त्याची बाधा होते, हे कारण तर होतंच. त्याहून मोठं कारण असं की माणसाच्या पावलांना अन्नाची चाहूल समजणारं कासव ओढ्यात परत गेलं, तर गळ आणि जाळं घेऊन आलेल्या माणसापासूनही ते लपणार नाही. त्याची भीती हीच त्याची राखण. घरात सांभाळताना ती शाबूत ठेवणं, हेही औषधपाण्याइतकंच महत्त्वाचं.

भेटायला येणाऱ्यांच्या बोलण्यातून कासवाविषयीची आपली श्रद्धाही कळली आणि अंधश्रद्धाही. जेजुरीच्या गडावर खंडोबासमोरच्या मोठ्या कासवावर भंडारा उधळणारे आपण लोक. महादेवाच्या देवळात आधी कासवाला हात लावून मग पिंडीकडं जातो. कुणी आलं, त्यानं टबालाही हात जोडले. कुणी हळूच विचारलं, नखं किती आहेत? वीस नखांच्या कासवानं गुप्तधन मिळतं, पैशांचा पाऊस पडतो, या खुळापायी कासवं पकडली जातात, विकली जातात आणि मरतात. या जातीच्या प्रत्येक पायाला तीनच नखं असतात, चार पायांची मिळून बारा. पण नखं कितीही असली तरी त्यानं कुणाच्या घरात पैसा येत नाही, तुरुंगवास मात्र येऊ शकतो. मांसासाठी चालणारा व्यापार याहून मोठा. २००९ ते २०१९ या दहा वर्षांत देशात एक लाख अकरा हजारांहून अधिक कासवं बेकायदा व्यापारात सापडल्याची नोंद 'ट्रॅफिक' या संस्थेनं केली. २०१७च्या जानेवारीत उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यात एकाच छाप्यात सहा हजारांवर कासवं मिळाली, ती याच जातीची.

सगळ्यांत जास्त वेळा मिळालेला सल्ला मात्र प्रेमापोटीचा होता. "इहिरीत सोड की. पाणी चांगलं ऱ्हातंय, आन् त्ये बी सुखात ऱ्हाईल." एका मावशींनी हे इतक्या मायेनं सांगितलं की उत्तर देताना शब्द जपून वापरावे लागले. विहीर बांधीव असेल तर कासवाला वर येता येत नाही. त्याला उन्हात अंग शेकायला जागा लागते, उन्हाळ्यात चिखलात उतरायला जागा लागते, आणि मादीला अंडी घालायला जमीनच लागते. ही मादी असावी, असा डॉक्टरांचा अंदाज होता, कारण शेपूट आखूड होती. पाणकासवाची मादी काठावरच्या मातीत खड्डा करून मोजकीच गोल अंडी घालते. विहिरीत पडलेली मादी बरीच वर्षं जगेलही. पण तिची वंशवेल तिथंच संपते. आपण तिला वाचवलं असं समजतो आणि तिच्या जातीच्या हिशेबात ती मेलेलीच असते. हे मावशींना समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग आमच्या इहिरीतलं बी काढा." ते काम पाणी खाली गेल्यावर वनखात्याच्या माणसांबरोबर करायचं ठरलंय.

पाऊस लागला. ओढे वाहते झाले. जखमेवर कोरडी, घट्ट खपली आली, वजन वाढत गेलं, डॉक्टरांनी पाणी खोल करायला सांगितलं. ही मोठी परीक्षा असते. कासव एका कुशीवर कलंडून तरंगायला लागलं तर फुप्फुसात दोष राहिला, असा अर्थ. आमचं कासव सरळ तळाशी गेलं, चारही पायांनी कापड उकरायला लागलं, श्वासापुरतं वर येऊन पुन्हा तळाशी. वनरक्षकांसोबत जागा ठरवली. सापडलं त्या रानाच्या जवळचाच, नीरेला मिळणारा मातीच्या काठाचा ओढा. दुसऱ्या खोऱ्यात किंवा दूरच्या तलावात नेऊन सोडलं तर तिथल्या कासवांना रोग लागू शकतो, आणि या कासवालाही तिथल्या वाटा माहीत नसतात. काठावर ठेवलं, माणसं मागं सरकली, आणि ते गेलं.

एका कासवामागं इतका खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारलं, तर माझं उत्तर सरळ आहे. कोकणात भाऊ काटदरे आणि सह्याद्री निसर्ग मित्र यांनी २००२पासून वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांच्या घरट्यांची राखण सुरू केली, आणि आज गावंच्या गावं त्यात उतरली. देशावरच्या कासवांना तसं कुणी वाली नाही, आणि त्यांच्यावरचं संकट लहान नाही. आपल्याच भीमा-कृष्णेच्या खोऱ्यात राहणारं लेथचं मृदुकवच कासव १८७२ साली शास्त्राला माहीत झालं ते पुण्याच्या नमुन्यावरून. आज ते जगातल्या अतिसंकटग्रस्त प्राण्यांत मोडतं, आणि २०२२ साली पनामात भरलेल्या वन्यजीव-व्यापाराविषयीच्या परिषदेत त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर पूर्ण बंदी आली. पाणकासवही असुरक्षित ठरलंय. चारीत नेहमी दिसणारा जीव दिसेनासा व्हायला एखादी पिढी पुरते.

आणि इथं करण्यासारखं बरंच आपल्या हातात आहे. २०१६मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, तेव्हापासून राज्यात शेततळी वाढली. प्लॅस्टिकचं अस्तर घातलेल्या तळ्यात उतरलेलं कासव त्या गुळगुळीत उतारावरून वर येऊ शकत नाही, आणि तळाशी त्याला शिरायला मातीही नसते. एका कोपऱ्यात काथ्याचं जाळं किंवा गाठी मारलेल्या दोराला बांधलेली जुनी पोती पाण्यापर्यंत सोडली, तर कासव, सरडा, मुंगूस, कुत्र्याचं पिल्लू, सगळेच बाहेर येऊ शकतात. त्याला खर्च जवळपास नाही. पाचट पेटवण्याऐवजी सरीतच कुजवलं तर जमिनीचा कस वाढतो आणि खाली बसलेले जीव वाचतात. खोडवा मोडताना चारीलगतच्या दोन सऱ्या आधी माणसानं चालून, काठीनं पाचट उलटून पाहाव्यात. फवारणीचा पंप चारीच्या पाण्यात धुऊ नये, कारण हे कासव घशाच्या आणि कातडीच्या वाटेनंही पाण्यातला प्राणवायू घेतं, आणि पाण्यातलं विष थेट त्याच्या अंगात जातं. कालव्याला काँक्रीटचं अस्तर येईल तिथं ठरावीक अंतरावर जनावरांना चढता येईल असा खडबडीत उतार ठेवावा, ही मागणी पाणीवापर संस्थांनी आणि ग्रामपंचायतींनी लावून धरावी.

जखमी कासवाला घरी आणून बरं करणं हे पुण्याचं काम आहेच. पण आपल्या रानात त्याला जखमच होऊ नये, एवढी व्यवस्था करणं त्याहून सोपं आहे, आणि ती व्यवस्था ज्याची जमीन त्यानंच करायची आहे. पाण्याचं पहिलं आवर्तन सुटायच्या आत शेततळ्यात एक दोर सोडा, आणि १९२६ हा आकडा मोटारीच्या पेटीवर खडूनं लिहून ठेवा.